विल्यम वल्द जॉन टॅपली, मुक्काम गारखेडा

सर्वपित्री अमावस्येला आमच्या वरच्या मजल्यावरचे नांदूरकर काका गच्चीवर जी पानं ठेवतात, त्यांतलं एक पान विल्यम वल्द जॉन टॅपली यांचं असतं. हे गृहस्थ काकांचे कोणी लागत नाहीत. ते इंग्लंडात जन्मले, लहानपणी आईबापांबरोबर शिडाच्या जहाजातून कॅनडाला गेले, तिथं जंगल तोडून शेती केली, नऊ मुलं वाढवली आणि म्हातारे होऊन वारले. हिंदुस्थानात ते कधी आले नाहीत. गारखेडा हे नाव त्यांच्या कानावर पडायचं काही कारण नव्हतं. तरी दर भाद्रपदात त्यांच्या नावानं वरणभात, भोपळ्याची भाजी, खीर आणि वडा गच्चीवर जातो, आणि गारखेड्याचा कावळा जात-धर्म न विचारता तो खाऊन टाकतो.

पहिल्या वर्षी सुधाकाकूंनी विचारलं होतं, "साहेबाला आमसुलाची चटणी झेपंल का, ते तरी बघा."

काका म्हणाले, "त्याच्या माघारी त्याचं कोणी काही केल्याची नोंद नाही."

'नोंद' हा काकांचा तकियाकलाम आहे. जमिनीच्या कागदांच्या खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मराठवाड्यातल्या चार-पाच तालुक्यांत कोण कोणाचा वारस, हे त्यांच्या सहीनं ठरलं. निवृत्तीनंतर खात्यानं त्यांना सोडलं, पण त्यांनी खात्याला सोडलं नाही. काल रात्री लाईट गेली होती असं कोणी म्हटलं, की ते विचारतात, "नोंद केली का?" शेजारच्या इमारतीत नवं जोडपं राहायला आलं तेव्हा सगळ्यांनी त्यांना चहाला बोलावलं, काकांनी दोघांच्या पणजोबांची नावं विचारली. मुलाला सांगता आलं नाही. तेव्हापासून काका त्याचा उल्लेख 'तो मूळ पुरुष नसलेला' असा करतात.

मी खालच्या फ्लॅटमध्ये राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. एवढ्या एका गुन्ह्यासाठी मी सहा वर्षं टॅपली घराण्याची बिनपगारी दुभाषी आहे.

हे प्रकरण सुरू झालं ते कॅनडात. काकांचा मुलगा मिलिंद तिकडं ओंटारियोत एका लहान गावात नोकरीला आहे. काका-काकू त्याच्याकडे सहा महिने राहायला गेले. मुलगा-सून सकाळी सातला आपापली गाडी काढून जात, नात शाळेत जाई. काकूंना घर होतं, कणीक होती, नातीच्या वेण्या होत्या. काकांना काहीच नव्हतं. रस्त्यावर माणूस दिसत नसे. एकदा दिसला, तर काकांनी त्याला थांबवून वडलांचं नाव विचारलं, आणि संध्याकाळी मिलिंदला त्या माणसाच्या घरी जाऊन खुलासा करावा लागला.

पायी जाता येईल अशी एकच सार्वजनिक जागा होती, गावची जुनी दफनभूमी. काका तिथं जाऊ लागले. दगडांवर नाव, बापाचं नाव, जन्म, मृत्यू, सगळं व्यवस्थित कोरलेलं. "मॅडम," ते परत आल्यावर मला म्हणाले, "उघड्यावर मांडलेलं दप्तरच म्हणा. पावसात भिजतं पण हरवत नाही." त्यातल्या टॅपली कुटुंबाच्या दगडावर 'नऊ लेकरांचा पिता' असं विल्यमबद्दल लिहिलं होतं आणि खाली नावं होती आठ. दुसरा कोणी 'राहिलं असेल' म्हणून पुढं गेला असता. काकांना जेवण गेलं नाही. एक वारस गायब होता.

ते गारखेड्याला परत आले ते एक दोनशे पानी वही घेऊन. हॉलमधल्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजू चिकटवून त्यांनी वंशावळ मांडायला घेतली. जागा पुरेना, तेव्हा स्वतःच्या लग्नाचा फोटो काढून बेडरूममध्ये नेला. सोफ्याच्या वर थोरली पाती, टीव्हीच्या बाजूला मधली, आणि जी धाकटी पाती पश्चिमेकडे गहू पिकवायला गेली ती स्वयंपाकघराच्या दाराला. फ्रिज उघडला की टॅपलींची चौथी पिढी झाकली जायची.

इंग्रजांच्या एका सवयीवर काकांचा फार राग होता. "एका घरात चार विल्यम, तीन जॉन. बाप विल्यम, मुलगा विल्यम, पुतण्या विल्यम. यांच्यात नाव ठेवायला आत्या नव्हती का?" मग त्यांनी आपल्या पद्धतीनं तोडगा काढला. विल्यम वल्द जॉन, विल्यम वल्द विल्यम, विल्यम वल्द जॉर्ज. निजामाच्या काळातल्या कागदांतला, 'अमक्याचा मुलगा' सांगणारा हा 'वल्द' टॅपलींना इतका शोभला, की सोसायटीत सगळे त्या घराण्याला 'टपलीवाले' म्हणू लागले, आणि नवीन आलेल्या लोकांना वाटे की टपलीवाले हे जालन्याकडचं कुठलंतरी घराणं असावं.

पत्रव्यवहार माझ्याकडे होता. काका मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहून ईमेल करी. ते सांगत, "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची नक्कल अद्याप अप्राप्त आहे. स्मरणपत्र क्रमांक तीन." मी लिही, 'तुम्हाला त्रास देते आहे, क्षमा करा.' चर्चमधल्या बाई उत्तरात नक्कल पाठवत आणि शेवटी 'तुमचा दिवस छान जावो' असं लिहीत. काका ते वाक्य दोनदा वाचून घेत. "याचं कारण काय असावं?" ते विचारत. पस्तीस वर्षांत कुठल्याही कचेरीनं त्यांना असं लिहिलं नव्हतं.

सोसायटीचे चेअरमन बोर्डे पाटील यांना वेगळीच शंका होती. एकदा जिन्यात त्यांनी काकांना गाठलं. "काका, खरं सांगा, तिकडं जमीन-बिमीन निघायली का तुमची?"

"नाही."

"मग? इंग्रजानं दीडशे वर्षं आपल्याकडून कारकुनी करून घेतली. आता सोडून गेला, तरी तुमी चालूच ठेवली व्हय?"

काका म्हणाले, "काम अर्धवट होतं."

मीही हसायची. हसण्यासारखंच होतं. नातीच्या वाढदिवसाची काकूंना आठवण करून द्यावी लागे, पण विल्यमच्या तिसऱ्या मुलीचा बाप्तिस्मा काकांना तिथीसकट पाठ. सख्ख्या भावाकडे ते चार वर्षांत गेले नव्हते. भाऊ राहतो फर्दापूरला, बसनं तीन तासांवर. टॅपलींच्या चुलत घराण्याशी मात्र त्यांचा साप्ताहिक संबंध. मिलिंदचा फोन आला की ते 'ठीक आहे, आईशी बोल' म्हणत आणि पुन्हा वहीत डोकं घालत. काकू एकदा मला म्हणाल्या, "मी मेल्यावर माझं नाव भिंतीवर लागंल, तेव्हा हे माझ्याकडं बघतील."

गायब वारस दीड वर्षानं सापडला. ती मुलगी होती, हॅना. लग्न करून दूर गेली, म्हणून दगडावर तिचं नाव घालायचं कोणाला सुचलं नाही. काकांनी पेढे वाटले. काकू पेढा खाऊन म्हणाल्या, "म्हणजे तिकडंही तसंच की."

आम्हाला वाटलं, आता संपलं. पण वारस लावायचं काम एका नावावर थांबत नसतं. आणि त्यातून डोरिसबाई निघाल्या.

चर्चमधल्या बाईंनीच गाठ घालून दिली. टॅपली आडनाव लावणारी त्या गावातली ही शेवटची व्यक्ती. चौऱ्याऐंशी वर्षांची, लग्न न केलेली, टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेली, आता वृद्धाश्रमात. दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, काकांच्या हॉलमध्ये व्हिडिओ कॉल होऊ लागला. मी मध्ये बसून भाषांतर करी. काका पहिलं वाक्य नेहमी स्वतः इंग्रजीत बोलत, "जेवलात का?" डोरिसबाईंना आधी ते समजेना, सकाळी नऊला कोणी असं का विचारावं? पुढं त्याच कॉल लागल्या लागल्या विचारू लागल्या, "मिस्टर नांदूरकर, जेवलात का?" मग काका भिंतीपुढं मोबाईल फिरवून त्यांना त्यांचं घराणं दाखवत. डोरिसबाई चष्मा पुसून बघत. आपण देवनागरीत कशा दिसतो, हे त्यांनी कागदावर उतरवून घेतलं होतं.

डोरिसबाई आपल्या आजोबांबद्दल फार बोलत. आजोबांचं नाव अल्बर्ट. त्यांच्या कोटाला घोड्यांचा वास यायचा, ते कमी बोलत आणि जेवताना भाकरी संपेपर्यंत ताटावरून हात काढत नसत. 'आम्ही टॅपली असेच,' असं म्हणून त्या हसत. आता भाकरी हा माझा अनुवाद. त्या पाव म्हणाल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी काकांकडे एक काम काढलं. टॅपलींच्या जुन्या जागेत, विल्यमच्या शेजारी, एका माणसापुरती जमीन शिल्लक होती. डोरिसबाईंना तिथं जायचं होतं. पण दफनभूमीच्या समितीचा नियम होता की ती जागा विल्यमच्या वंशजांसाठीच आहे, आणि तसा कागद पाहिजे. "तुमच्याकडे सगळं आहे," त्या म्हणाल्या. "तेवढं एक पान मला करून द्या. मला कोणी नाही हो, पण तिथं सगळे आहेत."

काकांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. सहा वर्षांनी कोणीतरी त्यांच्याकडे दाखला मागत होतं. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी बोलावलं, लांब कागद आणून ठेवला, पेनात शाई भरली. फक्त शेवटचा दुवा तपासायचा राहिला होता, विल्यम ते अल्बर्ट. विल्यमच्या नऊ नावांत अल्बर्ट कुठं नव्हता, तरी डोरिसबाईंच्या शब्दावर त्यांनी तो दुवा भिंतीवर पेन्सिलनं काढला होता. पेन्सिलची रेघ म्हणजे काकांच्या लेखी तोंडी जबाब.

तपासायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं नाही. रविवारी कॉल लागला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. काकू खाली येऊन म्हणाल्या, "बघ ना गं जरा. परवापासून दही-भातावर आहेत, आणि मला नोंद नाही म्हणून टोकत पण नाहीत."

मी वर गेले. काका भिंतीकडे पाठ करून बसले होते. त्यांनी माझ्यापुढे दोन नकला ठेवल्या. पहिली जुन्या खानेसुमारीची होती. विल्यम टॅपली, कुटुंबप्रमुख, वय झालेलं, बायको वारलेली. खाली एकच नाव, अल्बर्ट मॉस. वय बारा. जन्म इंग्लंड. कुटुंबप्रमुखाशी नातं या रकान्यात लिहिलं होतं, नोकर.

"त्या काळी इंग्लंडातली अनाथ पोरं जहाजात घालून कॅनडात शेतावर कामाला पाठवत होते," काका म्हणाले. "त्याची यादी असते. त्या यादीत आहे हा."

दुसरी नक्कल दहा-बारा वर्षांनंतरच्या लग्नाच्या नोंदीची. नवऱ्या मुलाचं नाव अल्बर्ट टॅपली. बापाचं नाव हा रकाना कोरा.

"म्हणजे आडनाव त्यानं नंतर लावलं," मी म्हणाले.

"दत्तक केल्याचा कागद नाही. मी सगळं बघितलं."

मला त्यात फार मोठं संकट दिसेना. मी म्हणाले, "काका, देऊन टाका दाखला. कोण बघायलंय? शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. समितीतले लोक तुमच्या कागदाला हार घालतील."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. बराच वेळ त्यांनी नकलांच्या कडा जुळवल्या, आणि मग जे सांगितलं ते आधी कधी काकूंनाही सांगितलं नव्हतं.

नोकरीची मधली वर्षं. लासूर स्टेशनजवळच्या एका वस्तीवरची बाई, गयाबाई, वारस नोंदीसाठी आली होती. एका निपुत्रिक शेतकऱ्यानं तिला लहानपणी घरी आणलं, वाढवलं, तिथंच ती राहिली. म्हातारा गेला. त्याच्या पुतण्यांनी हरकत घेतली. प्रकरण काकांच्या टेबलावर आलं. दत्तकाचा कागद नव्हता, शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव नव्हतं, कारण शाळाच नव्हती. काकांनी अहवाल लिहिला, 'अर्जदार हिचे मयताशी नाते असल्याबाबत नोंद आढळून येत नाही.'

"ती चिडली नाही, मॅडम. टेबलापाशी आली आणि म्हणाली, साहेब, माझा बाप माझ्या मांडीवर गेला. त्याची नोंद कुठं करतेत?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, त्याला रकाना नाही."

खाली कोणीतरी पाण्याची मोटर चालू केली. काका उठून खिडकी लावून आले.

"मी कायद्यानं बरोबर होतो," ते म्हणाले. "आजही आहे. ती संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसून होती. जाताना मला नमस्कार करून गेली."

मी सहा वर्षं या माणसाची टिंगल केली होती. मी उठून खाली आले.

तीन दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला. लांब कागद टेबलावर अंथरला होता आणि त्यावर वंशावळ पूर्ण झालेली होती. विल्यमच्या खाली नऊ नावं होती, हॅनासकट. त्यांच्या शेजारी दहावं, अल्बर्ट. वरून खाली शाईची सरळ रेघ.

"इंग्रजीत लिहा," काका म्हणाले. "अल्बर्ट, विल्यमचा मुलगा."

मी पेन हातात घेऊन थांबले. "काका, कागद?"

त्यांनी खानेसुमारीची नक्कल पुढे सरकवली आणि कुटुंबाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "वाचा. नऊ लेकरं होती. किती आहेत घरात?"

"एकही नाही."

"आणि कोण आहे?"

"अल्बर्ट."

"म्हातारा शेवटी कोणाजवळ होता त्याची ही नोंद आहे. सरकारी आहे. नोकर हे खानेसुमारीवाल्यानं लिहिलं. त्यानं उंबऱ्यात उभं राहून लिहिलं असणार. लिहा तुम्ही."

मी लिहिलं. काकांनी खाली पूर्ण नाव घातलं, हुद्दा घातला, सेवानिवृत्त हा शब्द कंसात घातला आणि सही केली. "डोरिसबाईंना सांगायचं?" मी विचारलं. ते म्हणाले, "त्यांनी विचारलं तर खरं सांगीन. खोटं मी कधी बोललो नाही."

डोरिसबाईंनी विचारलं नाही. समितीनं कागद मान्य केला. एका रविवारी त्यांनी मंजुरीचं पत्र मोबाईलसमोर धरून आम्हाला पूर्ण वाचून दाखवलं, आणि शेवटी म्हणाल्या की आता थंडीची भीती वाटत नाही. मी ते भाषांतर करून सांगितलं. काका म्हणाले, "त्यांना म्हणावं, घाई करू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनवर गेले. काकूंना एवढंच सांगितलं की लासूरला जाऊन येतो. दिवसभर फोन लागला नाही. काकू दोनदा खाली आल्या, एकदा उगाच कढीपत्ता मागायला. दिवेलागणीच्या जरा आधी काका आले. जिन्यात माझं दार उघडं होतं. ते आत येऊन खुर्चीवर बसले. बुटांवर काळ्या मातीचा थर होता.

"भेटली?" मी विचारलं.

"भेटली. म्हातारी झालीये. वस्तीच्या कडेला दोन खोल्या आहेत, शेळ्या आहेत. मला ओळखलं नाही तिनं. म्हणाली, बसा, उन्हातनं आलात. चहा पाजला."

"तुम्ही सांगितलं, तुम्ही कोण ते?"

"नाही." त्यांनी खिशातून वही काढली, मांडीवर ठेवली, उघडली नाही. "जवळ कोणी नव्हतं. मी तिला म्हणालो, बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा. तिनं सांगितलं. मग वडलांचं नाव विचारलं."

"मग?"

"एका दमात सांगितलं तिनं. आजोबाचं पण सांगितलं, पणजोबाचं पण," काका म्हणाले. "मी लिहून घेतलं."